राघूमामाचा घोडमाळ

आमच्या खात्याच्या कागदांत गवताच्या जमिनीला एकच शब्द होता, पडीक. नांगर लागला नाही, घर बांधलं नाही, की पडीक. साहेबांना तो पुरायचा. मलाही पुरायला हवा होता, कारण मी साधा कारकून होतो आणि मला पगार लिहिण्याचा मिळत होता, विचार करण्याचा नव्हे. पण मी पडलो राजुरीचा, आणि आमच्या रानात दर वर्षी राघूमामाची मेंढरं बसायची. त्या माणसाचं बोलणं एकदा कानावर पडलं की 'पडीक' लिहिताना हात अडखळतो. माझा अडखळायचा, तरी मी लिहायचो, हेही सांगून टाकतो. या हकिगतीत स्वतःला चांगलं दाखवायचा माझा विचार नाही.

राघूमामा आमच्या नात्यातला नव्हे. तो धनगर, बेल्ह्याच्या पलीकडच्या वाडीचा. ज्वारी निघाली की सव्वाशे मेंढरं, दोन घोडी, एक कुत्रं, एक शेळी आणि बायको रतनबाई एवढा संसार घेऊन तो आमच्या मोकळ्या रानात उतरायचा. मेंढरं रानात बसली की त्यांच्या लेंड्यांनी जमीन सुधारायची, त्याबद्दल माझे वडील सयाजी त्याला धान्य द्यायचे. माझ्या आईला भाऊ नव्हता. तिनं एका भाऊबीजेला राघूला ओवाळलं आणि तो आमचा मामा झाला. रतनबाई आपोआप मामी झाली. ती तोंडानं फटकळ होती. 'तुज्या मामाला गवात इचार, घरातलं मीठ संपलं का ते इचारू नगंस,' असं ती मला नेहमी म्हणायची.

मामा उंच, काटक, डोक्याला लाल पटका, खांद्यावर काळं घोंगडं. हातातल्या काठीला खाली लोखंडी टोपण. कुठल्याही नव्या जमिनीवर पाय ठेवण्याआधी तो ती काठी दोनदा आपटायचा आणि मान कलती करून आवाज ऐकायचा. मला त्याची ती सवय बघून हसू यायचं. मग एकदा कॉलेजच्या सुट्टीत मी त्याच्याबरोबर निघालो आणि सहज विचारलं, 'मामा, आज कुठल्या माळाला जायचं?' समोर गवताचा एक तुकडा दिसत होता, त्याकडं मी बोट केलं होतं.

मामा थांबलाच. 'त्यो माळ हाय व्हय रं? कॉलेजात काय शिकवत्यात तुला? ती पड हाय. दोन सालं नांगर न्हाई घातला म्हनून गवात आलंय, पन खाली काळी हाय. माळ म्हंजी खाली मुरूम पायजे. पान्याचा थेंब पडला की खाली गेला पायजे. माळाचं गवात आखूड आसतं, पन त्यात लई ताकद.'

त्या दिवशी माझी शाळा घेतली त्यानं. राखून ठेवतात ते कुरण, तिथं गवत गुडघ्याला लागतं आणि आत शिरायचं तर मालकाला विचारावं लागतं. गायरान गावाचं, तिथं कुणाला विचारायचं नाही, पण जास्त दिवस राहायचंही नाही. नदीकाठची गाळाची मळई, तिथली हराळी मेंढरांना पचायला हलकी. दोन चढांमधलं लवण, तिथं उन्हाळ्यातसुद्धा हिरवं टिकतं. आणि चिभड. चिभडाचं नाव काढलं की मामाचा चेहरा बदलायचा.

'चिभड म्हंजी पानी मुरून नासल्याली जिमीन. वरून हिरवीगार. तितं लव्हाळा उगवतो बग, पातळ, उभा, तिधारी. लव्हाळा दिसला का वळायचं. मेंढराचा खूर बारीक, एकदा रुतला का निगत न्हाई.'

अजून एक गोष्ट त्यानं त्याच दिवशी दाखवली. कळपाच्या पुढं एक म्हातारी शेळी चालायची, गळ्यात पितळी घंटा. शेपूट तुटलेलं, म्हणून तिचं नाव बांडी. अनोळखी जमिनीवर मामा तिला पुढं घालायचा आणि स्वतः मागं राहायचा. ती थांबली की सगळा कळप थांबायचा, मामासुद्धा. पण जमीन ओळखीची असेल तर मामा स्वतः पुढं चालायचा, तोंडानं 'हुर्रऽऽ हाऽऽ' असा आवाज काढत, आणि मेंढरं त्याच्या आवाजामागं यायची. त्याच्या बापानंही असंच केलं होतं. ओळखीच्या जमिनीवर शेळी पुढं घालणं म्हणजे त्या जमिनीचा अपमान, असं तो मानायचा.

होळीनंतर राजुरीतून निघून तो घोडेगावच्या वर डोंगराकडं सरकायचा. तिथं उंबरपाडळी नावाचं गाव होतं आणि गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्याच्या कडेनं, घोडमाळ. उन्हाळ्यात दहा-बारा वाड्यांचे धनगर तिथं एकत्र यायचे आणि आपली घोडी बांधायचे, म्हणून ते नाव. बैलगाडी गेली तर चाकाची खूण उमटत नाही इतका टणक माळ. मामाचा जन्म तिथलाच, वैशाखात, उघड्यावर. तो हे असं सांगायचा की ऐकणाऱ्याला आपण घरात जन्मलो याची लाज वाटावी.

मला नोकरी लागली ती नेमकी त्या बाजूला. उंबरपाडळीच्या ओढ्यावर धरण होत होतं आणि मी मातीपरीक्षणाच्या पथकात कारकून होतो. साल ब्याण्णव. भिंतीसाठी मुरूम लागत होता, तोही जवळचा. आम्ही चाचणीचे खड्डे घेत होतो. पहिल्या तिन्हींत खाली काळी लागली. साहेब रोज जीपमधून उतरायचे, खड्ड्यात डोकावायचे आणि माझ्यावर ओरडायचे, जणू मातीचा रंग मीच बिघडवला होता. चौथ्या दिवशी मी वैतागून म्हणालो, 'साहेब, इथं माझे एक मामा आहेत. त्यांना विचारूया.'

मामाची मेंढरं तेव्हा घोडमाळावरच होती. मी त्याला आणायला गेलो तर त्यानं मला वाकून रामराम केला, 'या सायेब, बसा सायेब,' आणि रतनबाई तोंडाला पदर लावून हसत बसली. मग तो आमच्याबरोबर दिवसभर हिंडला. साहेबांना त्यानं एकेक जमीन नावानिशी दाखवली. ही मळई, हिच्यात बोटभर खोल गेलात की वाळू. हे लवण, हितं चिकणमाती. त्या तिकडं चिभड, तिकडं जीप नेऊ नगा. मी वहीत लिहीत होतो. माझ्या उभ्या नोकरीत मी एवढं मन लावून कधी लिहिलं नाही. साहेबसुद्धा ओरडायचे थांबले.

दुपारी साहेबांनी विचारलं, 'सगळ्यात टणक कुठली?'

मामानं काठी आपटली. खण्ण असा आवाज आला. 'ही काय, पायाखाली. घोडमाळासारखी जिमीन आख्ख्या तालुक्यात न्हाई. गावानं हितं हीर खंदायला घेतली व्हती, दोन पुरुस खोल गेले, पानी न्हाई का माती न्हाई. समदा मुरूम. लालभडक.' त्याचा ऊर भरून आला होता. एवढ्या मोठ्या माणसानं जीपमधून येऊन आपल्या माळाची चौकशी केली, याचा त्याला कोण आनंद!

जाताना त्यानं मला बाजूला घेतलं. 'सडक नेनार का रं हितनं?'

मला माहीत होतं काय होणार ते. मी म्हणालो, 'असंच काहीतरी, मामा.'

मी स्वतःची समजूत घातली होती. दोन-चार वर्षांत सगळंच पाण्याखाली जाणार, मग आधी खणलं काय आणि न खणलं काय? माणूस स्वतःला फसवायला बसला की बुद्धी किती कामाला येते! मी वहीत लिहिलं, 'खड्डा क्रमांक चार, घोडमाळ, पडीक, मुरूम उत्कृष्ट.' पावसाळा संपला आणि काम सुरू झालं. हिवाळाभर ट्रक चालले. मामा पुढच्या उन्हाळ्यात आला तेव्हा पोलिसांनी त्याला खालच्या रस्त्यावरच अडवलं आणि मागं फिरवलं. गाव उठलं. त्याच्या पुढच्या पावसात पाणी साठलं. माझी बदली घोडेगावच्या कचेरीत झाली. कपाटातल्या वह्यांच्या ढिगात ती वही गेली आणि मी ती गोष्ट विसरलो. खोटं नाही सांगत, खरोखर विसरलो. पुढं जे झालं ते मी लपवलं म्हणून झालं असतं, तर निदान मला आपण लबाड आहोत एवढं तरी म्हणता आलं असतं.

मग आला दोन हजार तीनचा उन्हाळा. त्याच्या आधीचं सालही कोरडं गेलं होतं. राजुरीच्या विहिरींनी तळ दाखवला होता. बेल्ह्याच्या बाजारात लोक जनावरं टेम्पो भरभरून आणत होते आणि घ्यायला कुणी नव्हतं. मी सुट्टीवर घरी गेलो तर आमच्या रानात मामाची मेंढरं, सगळ्यांची हाडं वर आलेली. मामा साठी ओलांडलेला. रतनबाई त्याच्या मागं लागली होती, निम्मी मेंढरं विकून टाका, निम्मी तरी वाचतील.

'मिरगापत्तूर काढायची,' मामा म्हणत होता. 'पंदरा-ईस दिस. कुटं तरी हिरवं गावलं पायजे. एवडंच.'

आणि मी बोललो. आईनं दिलेला चहा हातात धरून, मोठ्या उत्साहानं बोललो. 'मामा, धरणाचं पाणी पार खाली गेलंय. तळाला बघावं तिकडं हिरवंगार आहे. तुमचा घोडमाळ उघडा पडलाय.'

मामा उठून उभा राहिला. 'घोडमाळ दिसतूय? तुज्या डोळ्यानं बगितलास?'

'रस्त्यावरून बघितला. गावातल्या चिंचेचं खोड आणि चावडीचा चौथरा वर आलेत. त्याच्या उजवीकडं सगळं हिरवं.'

त्यानं माझा हात धरला. अकरा वर्षांनी त्याला त्याची जमीन परत मिळत होती. त्याच संध्याकाळी घोडी लादली गेली. रतनबाईसुद्धा विकायचं बोलायची थांबली.

सहाव्या दिवशी, रविवार होता, मी मोटारसायकल काढून त्यांना भेटायला गेलो. बरोबर आईनं दिलेलं लोणचं होतं. सकाळचे दहा वाजले असतील. मी पोचलो तेव्हा कळप नुकताच काठावर आला होता. समोर वैशाखाच्या उन्हात इतकं हिरवं होतं की डोळे मिटावेसे वाटत होते. मेंढरं ओरडत होती. भुकेलं मेंढरू हिरवं बघून जे ओरडतं ते ऐकवत नाही.

बांडी काठावर उभी होती, जुन्या बांडीची नात, नाव आणि घंटा तीच. घंटा वाजत नव्हती. दोन पाय पुढं रोवून ती नुसतं हुंगत होती.

'बांडी थांबलीया,' रतनबाई म्हणाली. 'तिला जाऊंद्या म्होरं. बगू काय करती ती.'

'आगं, ही काय परकी जिमीन हाय?' मामा हसत होता. तोंडातले चारच दात उरले होते, ते सगळे दिसत होते. 'चिचंपासनं उजव्या हाताला साठ पावलं, मंग आमच्या बापाची चूल. डोळं बांदून जातो.'

'काठी तरी आपटा. त्यो बगा, लव्हाळा दिसतूया मदी मदी.'

'धरनाचं पानी हटलंय, लव्हाळा येनारच. आपल्या घरात शिरताना कुनी भुई ठोकून बगतं व्हय गं?'

मी तिथं उभा होतो. तो लव्हाळा मलाही दिसत होता. पातळ, उभा, तिधारी, त्यानंच मला शिकवलेला. मी काहीच बोललो नाही, कारण जमिनीबद्दल राघूमामाला कुणी काही सांगावं, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

तो पुढं निघाला. 'हुर्रऽऽ हाऽऽ' केलं. मेंढरं बांडीला ओलांडून त्याच्यामागं गेली. तीस-चाळीस पावलं तो चांगला चालला. वरचा थर उन्हानं वाळला होता आणि हराळीच्या मुळांनी धरून ठेवला होता. मग तो थांबला. त्यानं खाली पाहिलं. एक पाय उचलायला गेला तर दुसरा गुडघ्यापर्यंत आत. मला वाटलं, खड्डा असेल लहानसा. पुढच्या क्षणी तो मांडीपर्यंत गेला होता. मग कमरेपर्यंत. वर घोटभर गवत आणि खाली नुसता गाळ, हलणारा, पातळ.

'रतनेऽऽ' तो ओरडला.

त्या ओरडण्यानं मेंढरं पळत सुटली. त्याच्याकडं. मला आधी कळेचना काय होतंय. मागची मेंढरं काठावर चरायला लागली होती, तीही डोकं वर करून त्याच्या आवाजाच्या दिशेनं धावली. पहिली दहा-बारा त्याच्याजवळ पोचली आणि आत गेली, पोटापर्यंत, मग पाठीपर्यंत. 'मागं फिरवा! आरं, मागं फिरवा!' मामा हात हलवत होता, ओरडत होता, आणि तो ओरडेल तशी अजून येत होती. जन्मल्यापासून त्या जनावरांना एकच शिकवलं होतं. धनी हाक मारील तिकडं जायचं.

मीही मूर्खासारखा ओरडत होतो. माझं कोण ऐकतंय?

रतनबाईला सगळ्यात आधी कळलं. 'वरडू नगा!' ती किंचाळली. 'तुमच्या आवाजानं येत्यात! गप ऱ्हावा!'

मामानं तिच्याकडं पाहिलं. मग आपल्या अंगाभोवती रुतणाऱ्या मेंढरांकडं पाहिलं. आणि त्यानं तोंड मिटलं.

माझ्या डोळ्यांपुढून ते अजून जात नाही. छातीपर्यंत गाळात गेलेला माणूस, चारी बाजूंना त्याची मेंढरं बुडताहेत, ओरडताहेत, आणि तो ओठ घट्ट मिटून उभा आहे. एका मेंढीनं त्याच्या खांद्यावर हनुवटी टेकली होती. तिचं बाकी सगळं आत गेलं होतं. त्यानं एक हात तिच्या मानेवर ठेवला. तोंडातून 'आं' नाही, 'ऊं' नाही.

रतनबाईनं बांडीचं शिंग धरलं आणि तिला ओढत काठावरून उलट्या दिशेला धावली. घंटा वाजायला लागली. मागच्या मेंढरांनी कान टवकारले. समोरून धन्याचा आवाज नाही, मागून घंटा. ती घोटाळली, गोल फिरली आणि घंटेच्या मागं गेली. मामाचा एक शब्द जरी त्या वेळी निघाला असता, तरी सगळा कळप गेला असता.

मी घोडीवरचं घोंगडं पसरून त्यावर पोटावर सरकत गेलो. धरणात मासे पकडणारे दोघं जण ओरडा ऐकून फळी आणि दोर घेऊन आले. त्यातल्या एकाचं नाव संपत. तो नसता तर मीही आत राहिलो असतो. तिघांनी मिळून मामाला ओढून काढायला अर्धा तास गेला. त्या अर्ध्या तासात तो एकदाही बोलला नाही. संपतनं विचारलं, 'बाबा, दोर नीट बसलाय का?' त्यानं नुसती मान हलवली.

सत्तेचाळीस मेंढरं गेली. गवत परत वर आलं होतं, तुडवलेलं, पण हिरवंच.

तो काठावर बसला. अंगावरचा गाळ उन्हानं वाळून पांढरा पडत होता. रतनबाई त्याच्या पायावर पाणी ओतत होती आणि रडत होती, त्याला शिव्या देत होती, मध्येच त्याचे पाय चेपत होती. बऱ्याच वेळानं त्यानं तोंड उघडलं. आवाज नेहमीचा नव्हता, बसलेला होता.

'भरत,' तो म्हणाला, 'मी चुकलो न्हाई. चिचंपासनं उजव्या हाताला साठ पावलं. हीच जागा. माजा माळ कुटं गेला?'

आणि मला आठवलं. एका क्षणात. वही, खड्डा क्रमांक चार, माझं वळणदार अक्षर. हिवाळाभर चाललेले ट्रक. घोडमाळ पाण्याखाली नव्हताच. पाणी यायच्या आधीच तो उचलून नेला होता. राहिला होता दोन पुरुष खोल खड्डा, आणि आठ-नऊ पावसाळ्यांनी तो गाळानं काठोकाठ भरून वरून सपाट केला होता.  

मी सांगितलं. काहीही न लपवता सांगितलं. तुम्ही टणक जमीन दाखवलीत, मी लिहिली. सडक नव्हे, भिंतीसाठी. मला माहीत होतं. आणि परवा राजुरीत तुम्हाला इकडं पाठवताना मी विसरलो होतो. 'मारा मला,' असंही म्हणालो. रतनबाईचे हात थांबले. तिनं माझ्याकडं असं पाहिलं की ती नजर मी आईलासुद्धा कधी सांगितली नाही.

मामा मात्र माझ्याकडं बघतच नव्हता. तो वळून लांबवर धरणाच्या भिंतीकडं बघत होता.

'म्हंजी ती?'

'हो.'

तो उठला. मी नको म्हणत असताना चालायला लागला. दोन मैल असेल ते. मागं बांडी, उरलेली मेंढरं, रतनबाई, आणि मोटारसायकल ढकलत मी.  भिंतीच्या खालच्या अंगाला आलो. पाण्याकडच्या बाजूला दगड लावले होते, पण मागचा उतार मातीचाच होता आणि त्यावर गवत होतं. वाळलेलं, आखूड, पिवळं, मुळाशी अजून थोडं ओलं. मामा वाकला, एक काडी उपटून दातांत धरली, चावली. मग डोक्यावरचा पटका उतरवून उताराला हात लावला. लाल मुरूम.

रुतताना काठी सुटली होती, ती संपतनं आणून दिली होती. मामानं ती वर उचलली आणि उतारावर आपटली.

खण्ण.

मान कलती करून तो ऐकत राहिला. पुन्हा एकदा आपटली. मग माझ्याकडं वळला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मी त्याच्यापुढं उभा राहू शकलो असतो. हरवलेलं जनावर लांबच्या बाजारात दुसऱ्याच्या दाव्याला दिसावं, तसं त्याचं तोंड झालं होतं.

'हितं हाय,' तो म्हणाला. 'आख्खा हाय.'

मेंढरं तोपर्यंत उतारावर चढली होती आणि चरायला लागली होती. वरून चौकीदारानं शिट्टी मारली. तिथं पाटी होती. ती आमच्याच कचेरीतून रंगवून आली होती, मजकूर मी तपासला होता. 'या ठिकाणी जनावरे चारण्यास सक्त मनाई आहे.' चौकीदार हात हलवत खाली येत होता. मेंढरं मागं बोलवायला हवी होती. मामानं तोंड उघडलं. आवाज आलाच नाही. ओठ नुसते हलले. त्यानं पुन्हा प्रयत्न केला नाही. त्या दिवसानंतर त्यानं मेंढरांना कधीच हाक घातली नाही. पुढची चार वर्षं, तो जाईपर्यंत, कळप रतनबाईच्या आवाजावर आणि बांडीच्या घंटेवर चालला.

'भरत,' मामा म्हणाला, अगदी साधेपणानं, माझी नोकरी तिथं आहे म्हणून, 'तू हितला सायेब. मिरगापत्तूर मेंढरं हितं बसवू देतील का रं? मी इचारलं म्हनून सांग. माजा जल्म हितला हाय.'

चौकीदारानं मला ओळखलं होतं. तो सलाम करून थांबला, मी काय म्हणतो ते ऐकायला.

मी म्हणालो, 'नाही, मामा.'